मदत हवी आहे: पेटकोकनंतर गव्हासाठी होल्डची सफाई

नमस्कार मंडळी. ऑफिस बेलापूरला, जहाज ५ होल्डचं (माल भरायचे कप्पे). पेटकोक (तेल शुद्धीकरणातून उरणारा कोळशासारखा माल) उतरलाय, पुढे गहू भरायचाय, म्हणजे होल्ड ग्रेन-क्लीनच (धान्य भरण्याइतके स्वच्छ) हवेत.

झाडून खाऱ्या पाण्याने हाय प्रेशर धुलाई झाली. पण पेटकोक तेलकट, नुसत्या पाण्याला दाद देत नाही. फ्रेमच्या (होल्डच्या भिंतीवरच्या लोखंडी फासळ्या) मागे आणि हॉपरच्या (तळाकडचा उतरता भाग) वरच्या कडेला बोट फिरवलं की काळं, चिकट लागतंच. आता अल्कलाइन केमिकल खालून वर मारायचं (वरून मारलं तर ओघळांचे पट्टे उमटतात) आणि सुकायच्या आत धुवायचं. शेवटी गोडं पाणी. त्याच्या ओघळात सिल्व्हर नायट्रेट टाकून पांढरा गढूळपणा आला तर मीठ शिल्लक आहे.

अडचण वरच्या फ्रेमची. चेरी पिकर (माणसाला उंच उचलणारं यंत्र) नाही, जहाज हलतंय, शिडीवर माणूस चढवायचा नाही. डेकवरून किंवा टँकटॉपवरून (होल्डचा तळ) लांब दांड्याच्या फोम गनने तिथपर्यंत केमिकल नीट पोचतं का? कोणती नोझल?

दुसरं, बिल्ज वेलच्या (होल्डच्या तळाशी पाणी जमायचा खड्डा) नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये कोकचे कण अडकून फ्लॅप बसत नाही, पाणी उलटं येतं. दर वेळी उघडून साफ करण्याऐवजी स्ट्रेनरवर (गाळणीची जाळी) काही बदल कुणी केलाय का?

केमिकल पेंटला आणि धान्याला चालणारं, शिवाय मार्पोल (जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणारा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट ५ प्रमाणे समुद्राला अपायकारक नसलेलं हवं. रबाळे किंवा तुर्भे एमआयडीसीत असा माल कागदपत्रांसह देणारं कुणी माहीत असेल तर जरूर कळवा.