मदत हवी आहे: उंदीर वाचले, पण आप्पांच्या कानाला क्लिप लावू का?

मंडळी, अमळनेर तालुक्यातून लिहितोय. आमचे आप्पा ६४ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला, परवाच्या इकोत ईएफ (हृदय एका ठोक्यात आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) ३० टक्के. गोळ्या चालू आहेत. मीठ सोडलंय, म्हणजे आम्ही लपवलंय. ठेचा त्यांना सापडतोच.

सुरतच्या चुलतभावाने व्हिडिओ पाठवला: व्हेगस नसेला (मेंदूकडून मानेतून हृदयाकडे जाणारी, ठोके मंद करणारी नस) विजेचे हलके झटके दिले की थकलेलं हृदय सुधारतं. सोबत कानाला लावायच्या क्लिपची लिंक. मला थाप वाटली, पण शोधलं तर मूळ प्रयोग खरा निघाला. जपान, २००४. उंदरांच्या हृदयाची रक्तवाहिनी बांधून अटॅक आणला, १४ दिवसांनी मानेतल्या उजव्या व्हेगस नसेला दर मिनिटाला १० सेकंद झटके, असे ६ आठवडे. १४० दिवसांनी त्यातले ८६ टक्के जिवंत; नुसती तार बसवलेल्यांतले ५० टक्के.

हे आप्पांना वाचून दाखवलं आणि फसलो. "उंदीर वाचनात, मंग मी बी वाचसू!" कापसाचे पैसे आले की क्लिप मागव, हा हट्ट.

पुढे वाचलं तर माणसांवर याच झटक्यांच्या, २०१६ मध्ये आलेल्या ७०७ रुग्णांच्या चाचणीत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर वाढणं, काहीच कमी झालं नव्हतं. त्याआधी भारतातच ६० जणांवर झालेल्या चाचणीत ईएफ वाढला होता, पण यंत्राशिवायचा गट तुलनेला नव्हता. उंदरात एवढा फरक आणि माणसात का नाही? आणि आप्पा मेटोप्रोलॉल घेतात, त्यावर क्लिप चालेल का?

उत्तर १
भाऊ, मी औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. तो उंदीर एरवी धडधाकट, अटॅक ताजा, आणि दुसरं औषध एकही नाही. आप्पांचं हृदय दोन वर्षं झिजतंय आणि गोळ्यांचा फायदा त्यांना आधीच मिळतोय. त्यावर आणखी किती मिळणार? शिवाय झटक्याचा जोर उंदरात नाडी २०-३० ने उतरेल इतका ठेवला होता. उंदराची नाडी मिनिटाला तीनशेच्या वर असते, त्याला ते जाणवत नाही. माणसात जोर वाढवला की खोकला येतो, आवाज बसतो, मान दुखते, म्हणून तो बेताचाच ठेवावा लागतो. आणि या चाचण्यांत तार मानेत शस्त्रक्रियेने बसवली होती, कानाची क्लिप ही वेगळीच गोष्ट. मेटोप्रोलॉलही नाडी उतरवतं, तेव्हा कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय नको. आप्पांची नाडी किती असते?

मूळ लेखक
आत्ता मोजली, ५८. ऑर्डर थांबवली. आप्पा रुसून ओट्यावर बसलेत.