बॅलन्स ड्रम असूनही थ्रस्ट बेअरिंग का तापते?

माहुलकर (प्रश्न)

नमस्कार. चेंबूर-माहुल पट्ट्यातील एका कारखान्यात बॉयलर फीड पंपांची देखभाल माझ्याकडे आहे. त्यांपैकी एका मल्टिस्टेज (अनेक टप्प्यांच्या) पंपाचे सर्व इंपेलर (पाणी ढकलणारी फिरती चाके) एकाच दिशेला तोंड करून बसवलेले आहेत आणि त्यांचा सक्शनच्या (पाणी आत येण्याच्या) बाजूला येणारा रेटा तोलण्यासाठी शेवटच्या टप्प्यामागे शाफ्टवर बॅलन्स ड्रम (दाबाच्या फरकाने उलट ओढ देणारा दंडगोल) दिलेला आहे. डिस्चार्जचा दाब साधारण 120 बार आणि सक्शनचा 8 बार असतो. मागील ओव्हरहॉलनंतर थ्रस्ट पॅडचे (उरलेला रेटा झेलणाऱ्या बेअरिंगच्या पॅडचे) तापमान हळूहळू चढत 115 अंश सेल्सियसपर्यंत गेले. आम्ही पॅड बदलले, तेल बदलले, कूलर उघडून साफ केला. त्यानंतर काही आठवडे बरे गेले आणि तापमान पुन्हा चढू लागले. आता कार्यालयातून मोठ्या क्षमतेचे बेअरिंग बसवण्याचा प्रस्ताव पुढे आला आहे. त्याला होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. बेअरिंगवर प्रत्यक्ष किती रेटा येतो आहे, याचा अंदाज पंप न उघडता बांधता येईल का? आणि ड्रम बसवायचाच होता, तर रचनाकाराने त्याच्याकडून रेटा पूर्णपणे शून्य का करून घेतला नाही?

कंपनमापक, ठाणे

माहुलकर साहेब, बेअरिंगचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि आधी बॅलन्स लाइनवरचा गेज पाहा. ड्रमच्या आतील तोंडावर शेवटच्या टप्प्याचा दाब असतो. बाहेरील बाजूच्या कप्प्यातील पाणी बॅलन्स लाइनने सक्शनकडे परत जाते, म्हणून त्या कप्प्यातील दाब सक्शनच्या दाबापेक्षा थोडाच जास्त असायला हवा. या दोन दाबांमधील फरकामुळे ड्रम रोटरला सक्शनच्या विरुद्ध दिशेला ओढून धरतो. ड्रम आणि त्याभोवतीचे स्थिर कडे, म्हणजे बुश, यांच्यातील फट झिजून वाढली की गळती वाढते, वाढलेली गळती त्याच लाइनमधून जाताना अधिक दाब खाते, साहजिकच कप्प्यातील दाब चढतो आणि ड्रमची ओढ तेवढी कमी होते. इंपेलरचा रेटा मात्र होता तेवढाच राहतो, त्यामुळे तुटीचा सगळा भार थ्रस्ट पॅडवर येऊन पडतो.

आकडे घालून पाहू. ड्रमचा व्यास 180 मिलिमीटर आणि त्यामागील शाफ्टचा 90 मिलिमीटर धरला, तर दाब झेलणारे कडीच्या आकाराचे क्षेत्रफळ सुमारे 0.019 चौरस मीटर भरते. म्हणजे प्रत्येक बारमागे 1.9 किलोन्यूटन बल, आणि 112 बारच्या फरकाला सुमारे 214 किलोन्यूटन, जवळपास 22 टन. ड्रमने 95 टक्के रेटा तोलला आणि 5 टक्के बेअरिंगसाठी सोडला असे मानल्यास पॅडवर 11 किलोन्यूटनच्या आसपास भार येतो. आता कप्प्यातील दाब केवळ 3 बारने वाढला, तरी पॅडवर जवळजवळ 5.7 किलोन्यूटनची भर पडते, म्हणजे भार दीडपट होतो. 22 टनांच्या हिशेबात 3 बार नगण्य वाटतात, पण बेअरिंगच्या वाट्याला येते ती वजाबाकी, आणि मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत लहान फरकही भारी पडतो.

दाबासोबत त्या लाइनमधील प्रवाहही मोजा. पाइपवर बाहेरून बांधायचा अल्ट्रासोनिक मीटर त्यासाठी पुरेसा आहे. दाब जास्त आणि प्रवाहही जास्त असेल तर बुश झिजलेली आहे. दाब जास्त पण प्रवाह कमी असेल तर लाइनमध्ये अडथळा आहे. ओव्हरहॉलनंतर त्या लाइनवरील व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिल्याची प्रकरणे ऐकिवात आहेत. मुळात बॅलन्स लाइनवर बंद करता येणारा व्हॉल्व्ह बसवण्याची कल्पनाच मला धोक्याची वाटते.

माझगावचे जुने फिटर

वरील विवेचन योग्यच आहे. माझा एक प्रश्न: काढलेले पॅड कोणी नीट पाहिले का? भार खरोखर वाढला असेल तर सक्शनच्या बाजूचे सगळे पॅड सारखे झिजलेले दिसतात आणि त्यांच्या मागच्या कडेजवळ, जिथे तेलाचा थर सर्वांत पातळ असतो, तिथे बॅबिट (पॅडवरील मऊ मिश्रधातूचा थर) पुसटल्यासारखा होतो. दोन-तीनच पॅड काळवंडले असतील, तर कॉलर (शाफ्टवरची, पॅडवर टेकणारी चकती) शाफ्टला काटकोनात नाही किंवा पॅडखालील समतोल पट्ट्या अडकल्या आहेत, असे समजावे. पृष्ठभाग वाळूने घासल्यासारखा निस्तेज झाला असेल तर शाफ्टमधून वीज उतरते आहे. आणखी एक गोष्ट तपासा. पॅडचा टेकू मध्यावर नसून एका बाजूला सरकवलेला असेल, तर तो पॅड एकाच फिरण्याच्या दिशेसाठी असतो. असे पॅड घाईत उलटे बसवल्यास तेलाची पाचर नीट तयार होत नाही आणि रेटा योग्य असूनही तापमान चढते.

जहाजाच्या थ्रस्ट ब्लॉकमध्येही हेच तत्त्व आहे, फक्त तिथे रेटा तोलून टाकायचा नसतो. प्रोपेलरने दिलेला रेटा शाफ्टवरून ब्लॉकमध्ये आणि ब्लॉकवरून जहाजाच्या सांगाड्यात गेला, तरच जहाज पुढे सरकते. 10,000 किलोवॅटचे इंजिन 16 नॉट वेगाने जहाज हाकत असेल, तर हा रेटा 80 टनांच्या घरात जातो. ऑस्ट्रेलियाच्या मिशेल यांनी 1905 साली कलत्या पॅडच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. अमेरिकेत किंग्सबरी यांनी स्वतंत्रपणे तीच युक्ती शोधून 1910 मध्ये पेटंट मिळवले. त्याआधी एकामागोमाग अनेक कॉलर लावावे लागत, आणि सगळ्यांवर भार सारखा वाटला जाईल याची खात्री नसे.

पवईकर

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. रेटा शून्य केला, तर तो शून्यावर स्थिर राहत नाही. पंपाचा प्रवाह कमी-जास्त झाला की इंपेलरच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांमधील दाब बदलतो. मग रोटर कधी या पॅडवर तर कधी त्या पॅडवर आदळू लागतो. म्हणूनच थोडा रेटा मुद्दाम एकाच दिशेला शिल्लक ठेवतात.

जेट इंजिनात हा मुद्दा अधिक ठळक होतो. कॉम्प्रेसरचा रोटर पुढे रेटला जातो, टर्बाइनचा मागे, आणि दोन्ही एकाच शाफ्टवर असल्याने ही प्रचंड बले परस्परांना बरीचशी छेदतात. उरलेला फरक बॉल बेअरिंग झेलते. तो फरक फार मोठा असेल तर बेअरिंगचे आयुष्य घटते, आणि शून्याजवळ गेला तर गोळे गडगडण्याऐवजी घसरतात व त्यांचा पृष्ठभाग खराब होतो. त्यामुळे कॉम्प्रेसरमधून काढलेली दाबाची हवा ठराविक पोकळ्यांमध्ये सोडून हा फरक हव्या त्या पट्ट्यात राखला जातो. अमेरिकी स्पेस शटलच्या मुख्य इंजिनातील हायड्रोजनचा उच्चदाब पंप मिनिटाला सुमारे 35,000 फेरे घेत असे. एवढ्या वेगात बेअरिंगवर सतत अक्षीय भार टाकणे परवडणारे नव्हते. तिथे बॅलन्स पिस्टन होता. रोटर एका बाजूला सरकला की एक फट अरुंद आणि दुसरी रुंद होऊन पोकळीतील दाब आपोआप बदलत असे आणि रोटर परत जागेवर ढकलला जाई. आपल्याकडील पंपांमध्ये मिळणारी बॅलन्स डिस्कही याच जातीची, पण सुरू होताना आणि थांबताना ती घासण्याची भीती असते.

माहुलकर

सर्वांचे आभार. काल मोजमाप घेतले. बॅलन्स कप्प्याजवळ 12 बार दाब मिळाला. पंप बसवतानाच्या नोंदवहीत 9.5 बार लिहिलेला आहे. प्रवाह निर्मात्याने दिलेल्या आकड्याच्या सुमारे 1.6 पट आहे. सक्शनकडील सर्व पॅड सारखेच झिजले आहेत.

कंपनमापक, ठाणे

आकडे एकमेकांशी जुळतात. लाइनमधील दाबाची घट तेव्हा 1.5 बार होती, आता 4 बार आहे, म्हणजे सुमारे 2.7 पट, घट प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने प्रवाह 1.6 पट भरायला हवा आणि तसाच तो मिळाला आहे. याचा अर्थ लाइन मोकळी आहे आणि बुश झिजली आहे. मोठे बेअरिंग बसवल्यास तापमान उतरेल, परंतु गळती वाढतच राहील आणि आपल्याला ती कळवणारे लक्षण मात्र नाहीसे होईल.

पंप उघडाल तेव्हा इंपेलरच्या पुढील वेअर रिंगही (गळती रोखणारी, झिजणारी कडीही) मोजा. त्यांची फट वाढल्यास पुढील पोकळीतील दाब घटून मूळ रेटाच वाढतो, आणि नवी बुशही मग अपुरी पडते. रोटर सुटा करण्यापूर्वी डायल गेज लावून त्याची पुढे-मागे एकूण सरक नोंदवून ठेवा, कारण जोडणी करताना इंपेलरचा मध्य डिफ्यूझरच्या (इंपेलरभोवतीच्या स्थिर मार्गिकांच्या) मध्याशी जुळवायला तीच नोंद लागेल.