नऊला शटर, आणि आठ वर्षं कोर्टात

रातकिडा
काल इथे कुणीतरी लिहिलं की न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या लिकर शॉपना रात्री नऊला बंद करायची वेळ लावून "न्यायाधीशांनी धंद्याच्या पोटावर पाय दिला". डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

वेळ न्यायाधीशांनी ठरवलेली नाही. दारूविक्रीच्या वेळा ठरवणारं महापालिकेचं मद्यधोरण २०१५ लाच तयार होतं. बिअर-वाइन विकणाऱ्या सुपरमार्केटच्या दोन बड्या साखळ्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या आणि प्रकरण वर चढत गेलं. ५ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल महापालिकेच्या बाजूने लागला, आणि नऊची वेळ लागू झाली ९ डिसेंबर २०२४ ला. तोवर देशभराच्या मर्यादेप्रमाणे अकरापर्यंत विक्री चालूच. म्हणजे खटला हरूनही कमावलं कुणी?

कोर्टापुढचा प्रश्न एवढाच होता: मद्यविक्री कायद्याचा हेतू पाहता धोरणातलं हे कलम अवाजवी आहे का? ते अपील करणाऱ्याने दाखवायचं असतं. नऊला बंद केल्याने हाणामाऱ्या इतक्या टक्क्यांनी घटतील, असं महापालिकेने आधी लिहून द्यायची गरज नाही.

काउंटरमागचा
साहेब, काल ते मीच लिहिलं. कायदा तुम्ही वाचलाय, काउंटरवर मी उभा असतो. पावणेनऊला रांग दारापर्यंत जाते. नऊ वाजून दोन मिनिटांनी आलेला माणूस काच बडवतो आणि आईवरून शिव्या मला घालतो, महापालिकेला नाही. दुसऱ्या शिफ्टवाल्यांनी बाटली घ्यायची कधी? आणि शहराच्या मध्यात बार मात्र पहाटे चारपर्यंत!

रातकिडा
बारमध्ये नजर ठेवायला माणूस असतो. झिंगलेल्याला पेला देता येत नाही.

काउंटरमागचा
आम्हालाही झिंगलेल्याला विकता येत नाही. परवान्याचं कलम बघा जरा.

सुषमाताई
वेळेचं राहू द्या. मी शाळेशेजारच्या एका दुकानाच्या परवान्याला हरकत घेतली होती. परवाना समितीपुढे अर्जदाराच्या वकिलाने मला विचारलं, "तुम्ही गुन्हेशास्त्र शिकलात का?" मी म्हटलं, सकाळी फुटपाथवरच्या काचा मी गोळा करते. त्यावर तो हसला. मुलांसमोर हे सांगायचीही लाज वाटली. बरं झालं, मद्यविक्री कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने तिथली उलटतपासणी बंद केली.

मुद्देसूद
बरं झालं? ताई, उलटतपासणी नाही म्हणजे कुणीही यावं आणि काहीही सांगून जावं. माझ्या मेहुण्याच्या अर्जावर हरकतींचा ढीग आला, मजकूर शब्दशः एकच, खाली फक्त सही वेगळी. त्यांना प्रश्न विचारायचे कुणी? शिवाय त्याच दुरुस्तीने धोरणाविरुद्धच्या अपिलाचा रस्ताच बुजवला. आता न्यायालयीन पुनर्विलोकन, म्हणजे निर्णय कायद्याला धरून झाला का एवढंच कोर्टाने तपासणं, तेवढं उरलं, ते लहान दुकानदाराच्या खिशाला झेपणार आहे?

सुषमाताई
प्रश्न समिती विचारू शकते. आणि एकसारखा मजकूर म्हणजे खोटा मजकूर नव्हे. आमच्याकडे अर्धे लोक रात्रपाळीचे, इंग्रजीत चार ओळी लिहायला घाबरतात. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी सही केली, यात पाप काय?

मुद्देसूद
आणि आता तर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाराही हरकत घेऊ शकतो. वा रे लोकशाही!

सुषमाताई
तुमच्या मेहुण्याच्या दुकानासमोर राहून बघा, मग लोकशाहीवर बोला.

मुद्देसूद
वैयक्तिक होऊ नका.

सुषमाताई
मेहुणा तुम्हीच आणलात मध्ये!

रातकिडा
मंडळी, मूळ मुद्दा अपिलाचा होता. रस्ता बुजला तो याच प्रकारामुळे. ज्याच्याकडे पैसा, त्याने धोरण वर्षानुवर्षं लटकवायचं. वकिलांचं बिल महापालिकेने भरलं, म्हणजे तुम्ही-आम्ही घरपट्टीतून. लहान दुकानदाराने कुठे अपील लढवलं?

काउंटरमागचा
मान्य. केस त्यांनी त्यांच्या पैशाने लढवली आणि तेवढी वर्षं आमचंही फावलं. पेढे वाटू का? पण एक ऐका. सुपरमार्केट बिअर आणि वाइनच विकतं, त्याचा नऊनंतर बुडाला तर एक रॅक बुडतो. आमचं दुकानच तेवढं आहे. हा फरक निकालात कुठे आला?

रातकिडा
फरक आहे, नाकारत नाही. पण मग चीड साखळ्यांवर काढा, कोर्टावर कशाला?

काउंटरमागचा
चिडायचं कुणावर ते मी ठरवीन. आणि ताई, आमच्या मालकाला वकील परवडत नाही, सुनावणीला तो स्वतःच जातो, कागद मी भरून देतो. तुमच्यासमोर हसला तो एखाद्या साखळीचा वकील असेल.

सुषमाताई
साखळीचा नव्हता. एकट्या दुकानाचाच होता, मालक शेजारी खाली मान घालून बसला होता.