मदत हवी आहे : अंगणातील ट्रॅक्टर आणि लहान मुले
नमस्कार. आम्ही मोहोळ तालुक्यात वस्तीवर राहतो आणि ट्रॅक्टर, रोटाव्हेटर व उसाची ट्रॉली घरासमोरच उभी असते. परवा ट्रॅक्टर मागे घेत असताना माझा चार वर्षांचा पुतण्या ट्रॉलीच्या चाकामागे बसून मातीत खेळत होता. आईने जिवाच्या आकांताने हाक मारली म्हणून मी ब्रेक दाबला, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मुलांना मडगार्डवर बसवणे आम्ही त्याच दिवशी बंद केले. मात्र मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या पीटीओ शाफ्टवरचे, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणाऱ्या फिरत्या दांड्यावरचे, प्लास्टिकचे कव्हर तुटलेले आहे. ते सुटे मिळते का, की पूर्ण शाफ्टच बदलावा लागतो? शिवाय अंगणाला जाळीचे कुंपण घालावे की यंत्रांसाठी वेगळी शेड बांधावी, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया खर्चासह कळवावे.