मुलीपासून लपवू नका

"घटस्फोटानंतर मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत बापाने दुसऱ्या नात्याचा विचारच करू नये" असं काही जण म्हणतात. हे मत मला पटत नाही. माझी लेक १४ वर्षांची असताना मीही तेच ठरवलं होतं. तरी नातं जुळलं, आणि मी ते तिच्यापासून लपवलं. रात्री साडेनऊला अमेरिकेचा कॉल आहे म्हणून खोलीचं दार लावायचो. त्यातले निम्मे कॉल ऑफिसचे नसायचे. आठ महिन्यांनी तिला कळलं. त्या बाईंबद्दल ती एक शब्द बोलली नाही. "बाबा, मी रोज तुझं ताट झाकून ठेवत होते आणि तू खोटं सांगत होतास," एवढंच म्हणाली. ते आजही टोचतं.

आणखी एक. मुलांचा ताबा घटस्फोटाच्या निकालात एकदा ठरला की विषय मिटला, असं नसतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली न्यायालय तो आदेश पुढेही बदलू शकतं, आणि शक्य तिथे मुलांची इच्छा पाहायची असते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातही समज आलेल्या मुलाची पसंती विचारात घेण्याची तरतूद आहे. म्हणजे नववी-दहावीतल्या मुलीचं म्हणणं कोर्टसुद्धा ऐकू शकतं. मग घरात आपण का ऐकू नये? लेकीची आणि त्या बाईंची भेट ठरवण्याआधी मी लेकीला विचारलं, मग तिच्या आईला फोन केला. लेकीने होकार द्यायला चार महिने घेतले. मी थांबलो. बुधवारी संध्याकाळी कॉल नको, हेही तेव्हाच मॅनेजरला सांगून टाकलं. त्या दिवशी स्वयंपाक मी आणि लेक मिळून करतो.