विषय: रॉजर शर्मन आणि घटनादुरुस्त्यांची जागा

नमस्कार मंडळी,
नागरिकत्व परीक्षेच्या वर्गात निघालेला प्रश्न. भारताच्या घटनेत दुरुस्ती झाली की मूळ मजकूरच बदलतो, जसे १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने उद्देशिकेत शब्द घातले. अमेरिकेत मात्र सगळ्या दुरुस्त्या शेवटी, क्रमाने. असं का?
स्मिता

स्मिताताई,
हे कनेक्टिकटच्या रॉजर शर्मनमुळे. जन्म १७२१ चा. आधी जोडे शिवायचा, मग जमीनमोजणी. कायदा घरीच वाचून १७५४ साली वकिलीची सनद मिळवली. पुढे न्यायाधीश, आणि १७८९ पासून पहिल्या काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, सभासद.

जेम्स मॅडिसन या सभासदाने तिथे नागरिकांच्या हक्कांच्या मांडलेल्या दुरुस्त्या आपल्याकडच्या पद्धतीच्याच होत्या: पहिल्या कलमाच्या ९व्या विभागात अमुक दोन खंडांच्या मध्ये हे घाला, तिथलं ते काढा. शर्मन म्हणाला, हे म्हणजे पितळ, लोखंड आणि माती एकत्र करणं. मूळ घटना जनतेची कृती, दुरुस्त्या राज्यांच्या विधिमंडळांची. कोणी काय मंजूर केलं ते वेगळं दिसलंच पाहिजे. १३ ऑगस्टला तो हरला. १९ ऑगस्टला पुन्हा मांडलं आणि दोन तृतीयांश मतं मिळाली. खरं तर घटना लिहिणाऱ्या १७८७ च्या अधिवेशनात त्याला हक्कांची यादीच अनावश्यक वाटत होती. तरी ती यादी स्वतंत्र उभी राहिली ती त्याच्याच आग्रहाने, आणि मला हे त्याचं सर्वांत मोठं काम वाटतं.

वर्गात एक सांगा: कलमं वाचताना शेवटही तपासायचा. पहिल्या कलमात सेनेटरांना (काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाच्या सभासदांना) राज्याचं विधिमंडळ निवडतं असं अजून छापलेलं आहे. १९१३ च्या १७व्या दुरुस्तीने ते रद्द झालं. विद्यार्थी इथेच हमखास चुकतात.
अविनाश

अविनाशराव, एक भर.
सेनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान मत, ही लहान-मोठ्या राज्यांमधली तडजोडही मुख्यतः शर्मनचीच. १६ जुलै १७८७ ला ती ५ विरुद्ध ४ राज्यं अशी जेमतेम तरली. मॅसॅच्युसेट्सचं मत दुभंगलं, न्यूयॉर्कचे प्रतिनिधी निघून गेले होते. पुढे दुरुस्तीने हेच काढून घेतील या धास्तीने १५ सप्टेंबरला त्याने संरक्षण मागितलं. त्याची सूचना पडली, पण लगेच गव्हर्नर मॉरिसने तशीच मांडली आणि ती विरोधाविना मान्य झाली. म्हणून पाचव्या कलमात आजही आहे: राज्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय त्याचं सेनेटमधलं समान मत काढता येत नाही. 'गव्हर्नर' हे मॉरिसचं नाव आहे, हुद्दा नव्हे. वर्गात गोंधळ होतो.
माधुरी