भाड्याच्या बंगल्यात कोटा की व्हिट्रिफाइड?

पऱ्हाटी:
वरोरा तालुक्यात शेताच्या कडेला बंगला बांधून रायलो. कोळसा खाणीतल्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना भाड्यानं द्यायचा आहे. भाडं चांगलं मागायचं तर फरशीही तशीच पाहिजे. ठेकेदार चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर (कारखान्यात भाजलेली घट्ट टाइल) अडून बसला आहे. माझं मत कोट्याचं. एक इंच जाडीचा दगड, निस्तेज झाला की मशीननं घासून पुन्हा नवा. भाडेकरू पलंग ओढतात, सिलिंडर सरकवतात. टाइलवरचा ओरखडा कायमचा.

गवंडीकाम:
ते ग्लेझ्ड टाइलचं झालं. तिचा रंग नुसता वरवर असतो, टवका उडाला की खालचा रंग उघडा पडतो. फुल बॉडी घ्या, तिचा रंग आरपार. व्हिट्रिफाइड पाणी पिते वजनाच्या 0.5 टक्क्यांच्या आतच. कोटा चुनखडीचा दगड आहे भाऊ! लिंबू पिळलं, संडासाचं ॲसिड सांडलं की पांढरा डाग, पुसून जात नाही. शिवाय घर पाहायला आलेल्याला कोटा म्हणजे शाळेची फरशी वाटते.

पऱ्हाटी:
डागाचं कबूल. स्वयंपाकघरात ग्रॅनाइट, न्हाणीत खरबरीत टाइल लावतो. दिवाणखान्यात मात्र ऐकणार नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तेव्हा दुपारी कोट्यावर ओलं फडकं फिरवून चटई टाकली की जीव थंड होतो. शाळेत कोटा असतो तो टिकतो म्हणूनच ना?

काळी माती:
तुम्ही दोघं वरवरचंच बोलून रायले. आमच्या घरी व्हिट्रिफाइडच होती, दुसऱ्या पावसाळ्यानंतर हॉलच्या मधोमध तंबूसारखी उठली. ठेकेदारानं पायव्यातून निघालेली काळी मातीच जोत्यात भरली होती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर कोटाही हलेल. आधी ती उपसा, मुरूम थराथरानं टाका, पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट दाबा. भिंतीलगत बोटभर फट सोडा, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या बुडाशी लावतात त्या पट्टीखाली झाकते.

गवंडीकाम:
मुरमाचं शंभर टक्के खरं. तरी मी व्हिट्रिफाइडच म्हणीन. कोटा घासायचा तर घर आठवडाभर रिकामं, भिंतींवर चिखल, भाडं बुडालं. टाइलच्या दोन पेट्या जास्तीच्या घेऊन ठेवा, फुटली तेवढीच बदला.

पऱ्हाटी:
एक भाडेकरू गेला, दुसरा यायचा, त्यामधे घर रिकामं असतेच; तेव्हा घासू. कोटा पक्का. पण काळी माती म्हणतात ते ऐकून पोटात गोळा आला. उद्या सकाळीच जोत्यात खड्डा करून पाहतो काय भरलं आहे ते. तोवर ठेकेदाराला सिमेंट कालवू देत नाही.